दहा मिनिटांच्या फितीवर ठरणारे नामांकन

डिसेंबर लागला की ऑस्करच्या नामांकनांचे अंदाज बांधणाऱ्यांना सुगीचे दिवस येतात. अभिनय, दिग्दर्शन, पटकथा या विभागांबद्दल ही मंडळी हिरिरीने आणि बहुतेक वेळा अभ्यासाने वाद घालतात. दृश्यपरिणामांच्या, म्हणजे व्हीएफएक्सच्या, रकान्याशी आले की मात्र हा अभ्यास एकाएकी आटतो. वर्षातले सर्वांत महागडे चार-पाच चित्रपट, त्यातही एखाद्या गाजलेल्या मालिकेचे पुढचे भाग असलेले, तिथे भराभर लिहिले जातात आणि लिहिणारा पुढच्या विभागाकडे वळतो. या आळसाकडे एरवी कानाडोळा करता आला असता, कारण अंदाज चुकल्याने कोणाचे घर बुडत नाही. पण हे अंदाज ज्या समजुतीवर उभे असतात ती समजूत प्रेक्षकांत, प्रसिद्धी विभागांत आणि शेवटी पैसा घालणाऱ्यांतही मुरत जाते. दृश्यपरिणाम म्हणजे खर्च आणि खर्च म्हणजे गुणवत्ता, अशी ती समजूत आहे. ती चुकीची असल्याचे भरभक्कम पुरावे नामांकनांच्या इतिहासातच पडलेले आहेत.

२०१० सालच्या चित्रपटांचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी नामांकनासाठी अखेरच्या छाननीत सात चित्रपट उरले होते. त्यांत 'ट्रॉन: लेगसी' होता. त्याचे जवळजवळ सगळे विश्व संगणकावर उभे केलेले होते, आणि त्यात जेफ ब्रिजेस यांचा तरुणपणीचा चेहरा डिजिटल तंत्राने पुन्हा घडवला होता. त्याच यादीत क्लिंट ईस्टवूड यांचा 'हिअरआफ्टर' होता. मृत्यूविषयी संथपणे बोलणारा हा चित्रपट, आणि त्यात दृश्यपरिणाम म्हणून लोकांच्या लक्षात राहील असा एकच प्रसंग, तोही सुरुवातीचा: त्सुनामीची लाट किनाऱ्यावरच्या गावात शिरते आणि बाजाराच्या रस्त्याने धावणाऱ्या एका स्त्रीला ओढून नेते. खर्चावर आणि गाजावाजावर अंदाज बांधणाऱ्याने 'ट्रॉन'चे नाव डोळे झाकून लिहिले असते. नामांकन 'हिअरआफ्टर'ला मिळाले आणि 'ट्रॉन' बाहेर राहिला.

असे का झाले असावे, हे त्या लाटेकडे जवळून पाहिले की कळते. मोकळ्या समुद्रातली लाट संगणकावर रचणे अवघड असले तरी तिथे चूक लपायला जागा असते. पाणी रस्त्यात शिरले की ती जागा उरत नाही. ते गढूळ हवे, त्यात फळ्या, मोटारी, छपरांचे तुकडे हवेत, प्रत्येक वस्तूने पाण्याला अडवले पाहिजे आणि पाण्याने प्रत्येक वस्तूला ढकलले पाहिजे. त्यातून खऱ्या पाण्यात चित्रित केलेली अभिनेत्री आणि संगणकातले पाणी यांचा सांधा तिच्या गळ्यापाशी, केसांपाशी, पाणी उडते त्या प्रत्येक ठिकाणी जुळला पाहिजे. ज्याने आयुष्यात एकदा तरी असा सांधा जुळवण्यात आठवडे घालवले आहेत, त्याला ही काही मिनिटे पाहताना कुठे पाहायचे ते माहीत असते. आणि नामांकन ठरवणारे लोक नेमके हेच असतात.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सर्व सदस्यांना या विभागाची नामांकने ठरवण्याचा अधिकार नाही. तो फक्त दृश्यपरिणाम शाखेच्या सदस्यांना आहे, म्हणजे ज्यांनी या कामात हयात घालवली आहे अशा काही शेकडा लोकांना. आधी सुमारे वीस चित्रपट निवडले जातात, मग डिसेंबरात त्यांतले दहा उरतात (२०१० च्या चित्रपटांच्या वेळी सातच उरले होते). जानेवारीत शाखेचे सदस्य एकत्र बसून या दहांच्या निवडक दृश्यांच्या फिती पाहतात. पूर्वी अशी फीत पंधरा मिनिटांची असे, नंतर ती दहा मिनिटांवर आली. प्रत्येक चित्रपटाचे दृश्यपरिणाम पर्यवेक्षक समोर उभे राहून थोडक्यात आपले काम सांगतात, प्रश्नांना उत्तरे देतात, आणि मग मतदान होते. या सोहळ्याला त्या वर्तुळात 'बेक-ऑफ' म्हणतात. २०१० च्या चित्रपटांपासून नामांकनाच्या जागा पाच झाल्या. त्याआधी बहुतेक वर्षी त्या तीनच असत.

नियमांत कसोटी म्हणून दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, दृश्यपरिणामांनी एकूण चित्रपटाला दिलेले योगदान. आणि दुसरी, दृश्यभ्रम साकारण्यातली कलात्मकता, कौशल्य आणि अस्सलपणा. शॉटची संख्या, खर्च किंवा तिकीटबारी यांपैकी कशाचाही तिथे उल्लेख नाही. म्हणजे अंदाज बांधणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न 'यंदा सर्वांत भव्य काय होते' हा नाही. 'यंदा सर्वांत अवघड काय होते आणि ती अडचण दहा मिनिटांत, जाणकारांनी भरलेल्या अंधाऱ्या सभागृहात, दाखवता येईल का' असा तो प्रश्न आहे. त्यातला दुसरा अर्धा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक अंदाज त्याच्याकडे पाहतच नाहीत.

संख्येचा भ्रम आधी दूर करायला हवा. १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मध्ये संगणकावर घडवलेली दृश्ये सगळी मिळून जेमतेम पाच मिनिटांची होती, तरी द्रवरूप धातूचा तो मारेकरी दृश्यपरिणामांच्या इतिहासाचा टप्पा ठरला. दोन वर्षांनी आलेल्या 'जुरासिक पार्क'मध्ये डायनासोर पडद्यावर पंधरा मिनिटांच्या आसपासच दिसतात, आणि त्यांतलेही बरेचसे यांत्रिक बाहुले आहेत. आता २०२३ कडे या. 'गॉडझिला मायनस वन' या जपानी चित्रपटात दृश्यपरिणामांचे शॉट होते ६१० आणि ते करणारे कलाकार होते ३५. आजच्या हॉलिवुडच्या एखाद्या मोठ्या चित्रपटात दोन हजारांवर शॉट असणे आणि ते वेगवेगळ्या देशांतल्या डझनभर कंपन्यांत वाटलेले असणे ही रोजची गोष्ट आहे. तरीही त्या वर्षी नामांकनही मिळाले आणि पुरस्कारही मिळाला तो या पस्तीस जणांच्या कामाला. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हे स्वतःच दृश्यपरिणाम पर्यवेक्षक होते. कोणता शॉट कशासाठी आहे हे ठरवणारा आणि तो घडवणारा यांच्यात अंतरच नव्हते, आणि समुद्रावरच्या त्या पाठलागात ते जाणवते. दिग्दर्शकाला या विभागात पुरस्कार मिळण्याचा याआधीचा एकच प्रसंग म्हणजे १९६८ चा '२००१: ए स्पेस ओडिसी' आणि स्टॅन्ली कुब्रिक.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र २०१५ च्या 'एक्स मशिना'चे आहे, आणि त्यावर थोडे थांबण्यासारखे आहे. सुमारे दीड कोटी डॉलरांत झालेला, मोजक्या पात्रांचा, बहुतेक एका घरात घडणारा हा चित्रपट. त्याच्यासोबत नामांकन यादीत 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड', 'द मार्शियन', 'द रेव्हनंट' आणि 'स्टार वॉर्स'चा नवा भाग होता, त्यांतल्या काहींचा खर्च याच्या दहापट, काहींचा त्याहूनही जास्त. तरी पुरस्कार यालाच मिळाला. काम काय होते? आव्हा नावाच्या यंत्रमानवी स्त्रीचा चेहरा आणि हाताचे पंजे माणसाचे, पण दंड, पोट, मानेचा मागचा भाग पारदर्शक आणि आत फिरणारी यंत्रणा. अभिनेत्री अलिसिया विकांडर यांना हिरव्या पडद्यासमोर उभे केलेले नव्हते. नेहमीच्या सेटवर, नेहमीच्या प्रकाशात, दुसऱ्या अभिनेत्यासमोर बसून त्यांनी अभिनय केला. नंतर तीच चौकट माणसांशिवाय पुन्हा चित्रित केली, म्हणजे शरीराचा भाग काढल्यावर मागची भिंत दिसायला हवी. त्यापुढे एकेका शॉटमध्ये तिच्या शरीराची हालचाल हुबेहूब पकडून, जबड्याच्या आणि कपाळाच्या कडेला जिथे कातडी संपते आणि जाळी सुरू होते तिथे पुसटसाही थरकाप राहणार नाही अशी जोडणी केली गेली. दृश्यात काहीच फुटत नाही, कोसळत नाही. दोन माणसे बोलत बसतात. कॅमेरा तिच्यावर स्थिरावतो आणि चूक असती तर ती दिसायला भरपूर वेळ मिळतो. सामान्य प्रेक्षक तिचे डोळे पाहतो. शाखेचा सदस्य तिच्या जबड्याची कड पाहतो.

नामांकनांच्या यादीत दरवर्षी एखादे नाव 'हे कुठून आले' असे वाटावे असे असते. बारकाईने पाहिले तर त्यांतली बरीच नावे प्राण्यांची असतात. २०१८ च्या 'ख्रिस्तोफर रॉबिन'मधली भुसा भरलेली खेळणी, २०२० च्या 'द वन अँड ओन्ली आयव्हन'मधला गोरिला, २०२४ च्या 'बेटर मॅन'मध्ये गायक रॉबी विल्यम्स यांच्या जागी वावरणारा चिंपांझी, ही त्या वर्षांतली सर्वांत चर्चेतली कामे नव्हती. पण फर, त्वचेखालचे स्नायू, ओलसर डोळा आणि त्यातून दिसणारी भावना या गोष्टी खोट्या करणे किती कठीण आहे हे शाखेला ठाऊक आहे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या २०११, २०१४, २०१७ आणि २०२४ या चारही नव्या भागांना नामांकन मिळाले. त्याच्या उलट, २०१८ चा 'ब्लॅक पँथर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोहोचला, तीन ऑस्करही घेऊन गेला, दृश्यपरिणामांच्या दहांच्या यादीतही होता. पण शेवटच्या पाचांत त्याला जागा मिळाली नाही. त्याच्या अखेरच्या झुंजीतले डिजिटल देह वजनहीन वाटतात हे सामान्य प्रेक्षकांनीही बोलून दाखवले होते. चित्रपट कितीही लोकप्रिय असो, या लोकांना वजन दिसते किंवा दिसत नाही.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल की मग अंदाज बांधायचा तर व्यवसायाच्या स्वतःच्या पुरस्कारांकडे पाहावे, काम झाले. व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटी ही व्यावसायिकांची संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली आणि २००३ पासून ती पुरस्कार देते. तिची नामांकने ऑस्करच्या सुमारास जाहीर होतात, आणि तिच्या आणि शाखेच्या सदस्यांत बरेच लोक सामाईक आहेत. तरीही नुसते तिच्या मुख्य पुरस्काराकडे पाहणाऱ्याची फसगत होते. २०११ मध्ये तिचा मुख्य पुरस्कार 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'ला गेला आणि ऑस्कर 'ह्यूगो'ला. २०१८ मध्ये मुख्य पुरस्कार 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'ला आणि ऑस्कर 'फर्स्ट मॅन'ला. दोन्ही वेळा ऑस्कर मिळवणारा चित्रपट सोसायटीच्या दुसऱ्या एका वर्गातला विजेता होता. कथेला आधार देणाऱ्या, चटकन न जाणवणाऱ्या दृश्यपरिणामांचा तो वर्ग आहे. अंदाज बांधणारे त्या वर्गाकडे क्वचितच पाहतात, आणि मला वाटते की उपयोगाची माहिती नेमकी तिथेच असते.

इथे नामांकन आणि विजय यांच्यातला फरक स्पष्ट करायला हवा, कारण अंदाजांतला सर्वांत मोठा गोंधळ या दोहोंना एकत्र केल्याने होतो. पाच नावे शाखा ठरवते. त्यांतला विजेता अकादमीचे सर्व सदस्य ठरवतात, म्हणजे अभिनेते, लेखक, संगीतकार, वेशभूषाकारही. त्यामुळे अखेरच्या फेरीत 'चांगला चित्रपट' हा निकष नकळत शिरतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन असलेला एखादा चित्रपट दृश्यपरिणामांच्या यादीत असेल तर ते नामांकन नसलेल्या चित्रपटाकडून तो हरत नाही, हा नियम १९७० मध्ये 'टोरा! टोरा! टोरा!'ने 'पॅटन'ला मागे टाकल्यानंतर 'एक्स मशिना'पर्यंत अबाधित राहिला. मार्व्हलच्या एकत्रित विश्वातल्या चित्रपटांना २००८ पासून डझनभराहून अधिक वेळा नामांकन मिळाले आणि एकदाही पुरस्कार मिळाला नाही, याचे स्पष्टीकरणही त्यातच आहे. शाखेला त्या चित्रपटांतले कष्ट दिसतात. बाकीच्या सदस्यांना आणखी एक मार्व्हलपट दिसतो. म्हणून नामांकनाचा अंदाज बांधताना मार्व्हलला कमी लेखणे आणि विजेत्याचा अंदाज बांधताना त्याला वर चढवणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

आता या विषयाच्या त्या बाजूकडे येतो जिच्यामुळे हा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो. गेल्या काही वर्षांत मोठ्या चित्रपटांच्या प्रसिद्धीत एक नवीच टूम निघाली आहे. आमच्या चित्रपटात सगळे खरे आहे, संगणकाचा हात लागलेला नाही, असे अभिमानाने सांगायचे. 'टॉप गन: मॅव्हरिक'ची प्रसिद्धी अभिनेत्यांनी खऱ्या लढाऊ विमानांत बसून केलेल्या चित्रीकरणावर उभी होती, आणि ते चित्रीकरण खरोखर झाले होते. पण त्याच चित्रपटात दृश्यपरिणामांचे सुमारे २,४०० शॉट आहेत. त्यात उडणारे एफ-१४ विमान अमेरिकी नौदलाने २००६ मध्येच निवृत्त केलेले आहे. ते पडद्यावर उडते ते कोणाच्या तरी संगणकावर. खरे विमान आकाशात उडवून त्याच्यावर दुसरे डिजिटल विमान बसवणे, खऱ्याच्या हालचाली, प्रकाश आणि कंप त्याला देणे, हे या चित्रपटातले असामान्य काम होते. प्रसिद्धीत त्याचा उल्लेखही होत नव्हता. शाखेने मात्र त्याला नामांकन दिले, कारण फीत पाहणाऱ्यांना प्रसिद्धीपत्रक वाचायची गरज नसते.

प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. क्रिस्टोफर नोलन यांच्या 'इन्सेप्शन', 'इंटरस्टेलर' आणि 'टेनेट' या तिन्ही चित्रपटांना दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळालेले आहे. त्यामुळे २०२३ मध्ये 'ओपेनहायमर'चे नाव अंदाजांच्या याद्यांत असणे स्वाभाविक होते. पण या चित्रपटात संगणकनिर्मित शॉट एकही नाही, असे दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितले होते, आणि ते वाक्य जगभर मथळा झाले. सात ऑस्कर जिंकणारा हा चित्रपट दृश्यपरिणामांच्या दहांच्या यादीतही आला नाही. यामागे तेच विधान होते की शाखेला कामच तेवढे महत्त्वाचे वाटले नाही, हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण ज्या निर्मात्याला आपल्या दृश्यपरिणामांचा उच्चारही नकोसा वाटतो, तो त्याच कामासाठी नामांकन कसे मागणार, हा पेच उघड आहे. छोट्या स्फोटांचे आणि रसायनांचे चित्रीकरण करून ते एकमेकांत मिसळणे, त्यांची जोडणी करणे हेही दृश्यपरिणामांचेच काम असते, संगणकाने आकृती घडवली नाही म्हणून ते नाहीसे होत नाही.

अंदाज बांधणारे आणि चित्रपटांवर लिहिणारे या बाबतीत निष्पाप नाहीत. 'सगळे खरे' ही जाहिरात ते बातमी म्हणून छापतात आणि मग वर्षाअखेरीस त्याच जाहिरातीला पुरावा मानून दृश्यपरिणामांच्या यादीतून तो चित्रपट वगळतात. याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांची नावे श्रेयनामावलीच्या शेवटी, लोक दाराकडे निघालेले असताना, सरकत असतात. नामांकन मिळाले तरी ते जास्तीत जास्त चार जणांच्या नावे होते. हजारभर लोकांच्या कामाचे चार प्रतिनिधी. २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'ला हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यातला वाघ घडवणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी सोहळ्याच्या दोनच आठवडे आधी दिवाळखोरीत गेली होती. सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शने करत होते. पर्यवेक्षक बिल वेस्टेनहोफर यांनी मंचावरून कंपनीचा उल्लेख करायला सुरुवात केली, तसे 'जॉज'चे संगीत वाजवून त्यांचे भाषण आवरते घेण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याच्यासोबत एमपीसी ही कंपनीही बंद पडली. 'द जंगल बुक' आणि '१९१७' या ऑस्करविजेत्या चित्रपटांच्या दृश्यपरिणामांत एमपीसीचा मोठा वाटा होता. पुरस्कार कंपन्यांना तारत नाहीत, हे उघडच आहे. पण ज्या कामाचे अस्तित्वच नाकारले जाते त्याचा मोबदला मागणे आणखी अवघड होते, आणि हे काम किती कौशल्याचे आहे हे जगासमोर मांडण्याची जी थोडी ठिकाणे आहेत त्यांत हे नामांकन सर्वांत ठळक आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शाखेच्या नजरेवर मी फार विश्वास टाकतो आहे. जाणकारही पूर्वग्रहदूषित असतात. असतातच. १९८२ च्या मूळ 'ट्रॉन'ने संगणकीय चित्रांचा त्या काळी अभूतपूर्व वापर केला होता. त्याला वेशभूषेचे आणि ध्वनीचे नामांकन मिळाले, दृश्यपरिणामांचे मिळाले नाही. संगणक वापरणे म्हणजे लबाडी, अशी तेव्हाच्या अकादमीची भावना होती, असे दिग्दर्शक स्टीव्हन लिझबर्गर यांनी पुढे सांगितले. ज्यांनी रंगवलेल्या काचा, छोट्या प्रतिकृती आणि कॅमेऱ्याच्या करामती यांत आयुष्य काढले होते, त्यांना ते यंत्राचे काम वाटले असावे. अकरा वर्षांनी त्याच यंत्राच्या डायनासोरांना त्यांनी डोक्यावर घेतले.

आज हा पूर्वग्रह नव्या रूपात समोर आहे. एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने जाहीर केले की निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर नामांकनाच्या शक्यतेला पोषकही नाही आणि मारकही नाही. कृतीच्या केंद्रस्थानी माणूस किती आहे हे पाहून प्रत्येक शाखेने निर्णय घ्यावा. वाक्य सावध आहे, पण त्याने अंदाज बांधणाऱ्याची पंचाईत होते, कारण खरा निर्णय सभागृहात बसलेल्या आणि या साधनांमुळे स्वतःच्या रोजगाराची धास्ती घेतलेल्या माणसांवर सोपवला आहे. पर्यवेक्षकाला फीत दाखवल्यावर 'हे कोणी केले' असा प्रश्न आला आणि त्याचे उत्तर गुळमुळीत निघाले, तर ती फीत कितीही सुंदर असो, तिला मते पडणे अवघड आहे. मला ही भूमिका 'ट्रॉन'च्या वेळच्या भूमिकेपेक्षा अधिक समर्थनीय वाटते. तेव्हा साधन नवे होते, पण त्यामागचा हात माणसाचाच होता. आता हात कोणाचा हाच वादाचा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. दहा मिनिटांच्या फितीवर निर्णय होत असेल तर जे काम फितीत उठून दिसते तेच निवडले जाणार, आणि जे संपूर्ण चित्रपटभर शांतपणे विखुरलेले असते ते मागे पडणार. यात तथ्य आहे. एखाद्या ऐतिहासिक चित्रपटात शहराच्या क्षितिजावरून प्रत्येक आधुनिक इमारत पुसलेली असते; त्यातला कोणताही एक शॉट वेगळा काढून दाखवला तर त्यात दाखवण्यासारखे काहीच नसते, कारण यश न दिसण्यात आहे. पण पद्धत इथे अगदीच लुळी नाही. शॉटचे आधीचे आणि नंतरचे रूप शेजारी ठेवून दाखवले की रिकाम्या शेतात उभे राहिलेले रणांगण सभागृहालाही कळते. लांबलचक अखंड दृश्यांचे सांधे लपवणारा '१९१७' आणि पहिल्या महायुद्धाचेच चित्रण करणारा २०२२ चा जर्मन चित्रपट 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' अशाच कामांच्या बळावर यादीत आले. म्हणून न दिसणाऱ्या कामाच्या चित्रपटाबद्दल अंदाज बांधताना पाहायचे ते एवढेच, की त्याचा पर्यवेक्षक ते काम उलगडून दाखवू शकतो का आणि निर्माता त्याला तसे करू देतो का.

सजीवपटांचा, म्हणजे अॅनिमेशनपटांचा, प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो या विभागाचा कायमचा काटा आहे. आजवर फक्त दोन सजीवपटांना इथे नामांकन मिळाले, १९९३ चा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' आणि २०१६ चा 'क्युबो अँड द टू स्ट्रिंग्ज', आणि दोन्ही प्रत्यक्ष बाहुल्या एकेक चौकट हलवून केलेले. २०१९ च्या 'द लायन किंग'मध्ये जवळजवळ प्रत्येक चौकट संगणकात जन्मली, तरी त्याला दृश्यपरिणामांचे नामांकन मिळाले, कारण तो कॅमेऱ्याने टिपलेल्या वास्तवासारखा दिसत होता. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की शाखेला खऱ्यासारखे दिसण्याचे आकर्षण आहे, किंवा मग हाताने हलवलेल्या वस्तूचे. शैलीदार संगणकीय चित्रपट कितीही चमकदार असला तरी तो दहांत येऊन अडकतो. 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग २०२३ मध्ये तसाच अडकला. हा मला शाखेचा दोष वाटतो, पण अंदाज बांधणाऱ्याने दोषही हिशेबात धरायचे असतात.

या सगळ्याचा अर्थ नामांकनांचे गणित आधीच सुटलेले असते असा नाही. पाचांपैकी तीन नावे बहुतेक वर्षी सहज सांगता येतात; खरी कसोटी उरलेल्या दोन जागांची असते. तिथे मी तरी महागड्या मालिकेच्या सहाव्या भागापेक्षा एखाद्या मध्यम खर्चाच्या चित्रपटाकडे आधी पाहीन, ज्यात एकच गोष्ट पूर्वी कोणी केली नव्हती इतक्या नीट केलेली आहे: एखादे पाणी, एखादी आग, एखादा प्राणी, एखादे वय बदललेले माणूस. ती गोष्ट कथेच्या मध्यभागी असली पाहिजे, कारण पहिली कसोटी योगदानाची आहे. आणि त्यामागची टीम स्वतःचे काम मोकळेपणाने बोलून दाखवणारी असली पाहिजे.

विजेत्याच्या बाबतीत मात्र जुने ठोकताळे आता बदलतील असे मला वाटते. २०२५ मध्ये अकादमीने नियम केला की अखेरच्या फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. इतकी वर्षे दृश्यपरिणामांच्या रकान्यात अनेक सदस्य जो चित्रपट त्यांनी इतर कारणांसाठी आधीच पाहिला होता त्यावर खूण करत असावेत, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतल्या नावांना मिळणारा कौल बराचसा त्यातूनच येत असावा. आता वेशभूषाकारालाही चिंपांझीचा चित्रपट पाहून मगच मत देता येईल. सगळेजण नियम काटेकोरपणे पाळतील असे मानण्याइतका मी भाबडा नाही, पण निम्म्यांनी पाळला तरी शाखेने खास कौशल्यासाठी वर आणलेल्या लहान चित्रपटांची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम होईल, आणि 'एक्स मशिना'सारख्या निकालासाठी पुन्हा पंचेचाळीस वर्षे थांबावे लागणार नाही.